अनुभव : शून्य महिने

अर्जातला रकाना साधा होता. पूर्णवेळ नोकरीचा अनुभव, महिन्यांत. सात वर्षे महाविद्यालयात मराठी शिकवूनही त्या चौकोनात कोणता आकडा भरावा हे मला ठरवता येईना. तासिका तत्त्वावरच्या अध्यापकाची नेमणूक दरवर्षी नव्याने होते, पावसाळ्यात सुरू होते आणि परीक्षांच्या सुमारास संपते. मोबदला शिकवलेल्या तासांचा, आणि मला मिळालेल्या अनुभवाच्या दाखल्यावरही वर्षांऐवजी तासच लिहिलेले. ज्या व्यवस्थापन संस्थेकडे अर्ज करायचा होता तिच्या मदतकक्षाला विचारले, तेव्हा अर्धवेळ काम धरले जात नाही, असे सौजन्यपूर्ण उत्तर आले. म्हणजे शून्य.

हा अर्ज मी गणपतीच्या सुट्टीत किहीमला, मावशीच्या घरी बसून भरत होते. सुरूच्या बनापलीकडे समुद्र, अलीकडे नारळी-पोफळीच्या वाड्या, आणि विहिरीवर वाकलेल्या शिंदीला लोंबणारे सुगरणीचे खोपे. किहीमचे नाव पक्षिशास्त्रात गेले ते या खोप्यांमुळे, आणि ते नेणारा माणूस त्या वेळी बेकार होता. सालिम अलींची ही हकिगत पक्षिप्रेमींना पाठ असते. साहित्याच्या माणसांना ती सहसा अर्धीच ठाऊक असते. मला त्या दिवसांत उरलेला अर्धा भाग पुन्हापुन्हा आठवत होता.

ब्रह्मदेशातल्या घरच्या व्यवसायातून 1917 साली मुंबईला परतल्यावर सालिम अलींनी दावर कॉलेज ऑफ कॉमर्समध्ये नाव घातले होते. व्यापारी कायदा आणि हिशेब हे त्यांचे विषय. सकाळी ते वर्ग आणि नंतर सेंट झेवियर्समध्ये फादर ब्लाटर यांच्या आग्रहामुळे प्राणिशास्त्र, असा त्यांचा दिनक्रम होता. पुढे 1926 मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स म्यूझियमच्या निसर्गविभागात ते गाइड लेक्चरर झाले. पगार महिना 350 रुपये. पेंढा भरलेल्या पक्ष्यांसमोर उभे राहून माहिती सांगण्याची ती नोकरी, म्हणजे एका अर्थी अध्यापनच. दोन वर्षांत ते तिला कंटाळले आणि अभ्यासरजा घेऊन बर्लिनला श्ट्रेसेमान यांच्याकडे गेले. 1930 मध्ये परत येऊन पाहतात तो पैशांअभावी ती जागाच रद्द झालेली. तेव्हा पत्नी तहमिना यांच्यासह ते किहीमला येऊन राहिले आणि सुगरणीचे खोपे न्याहाळू लागले. तो अभ्यास 1931 साली प्रसिद्ध झाला. त्यानंतर हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी त्यांनी केवळ खर्च मिळावा या अटीवर, बिनपगारी केली.

आपल्या अर्जाच्या रकान्यात हा सारा काळ शून्यच भरला असता, या विचाराने मला काही काळ समाधान वाटले. पण ते समाधान खोटे होते हे लवकरच लक्षात आले. मोठ्या माणसाच्या पडत्या काळाशी आपला पडता काळ जोडून घेणे ही आत्मचरित्रे वाचणाऱ्यांची जुनी खोड आहे. शिवाय त्यांच्या पाठीशी तहमिना होत्या आणि किहीमला राहायला सासरच्या मंडळींचे घर होते. माझ्या पाठीशी मावशी आहे, पण तिचाही प्रश्न होताच. "मास्तरकी सोडून तू दुकानदारी शिकणार?" असे तिने मोदकाच्या उकडीत हात घालून विचारले, आणि मला उत्तर देता आले नाही.

अर्जासोबत पाचशे शब्दांचा निबंध हवा होता : आजवरच्या कामात दाखवलेले नेतृत्व आणि त्याचा परिणाम. पहिला खर्डा मी एका बैठकीत उतरवला. त्यात वर्गावर शिकवणे म्हणजे मोठ्या गटाचे नेतृत्व, पेपर तपासणे म्हणजे गुणवत्तेचे नियंत्रण आणि वाङ्मय मंडळाचे हस्तलिखित काढणे म्हणजे मर्यादित साधनांत उपक्रम राबवणे झाले होते. प्रत्येक वाक्य खरे होते आणि निबंध खोटा होता. आत्मचरित्रातला 'मी' आणि जगलेली व्यक्ती एक नसतात, हे मी दरवर्षी दुसऱ्या वर्षाच्या मुलांना सांगत आले. तो 'मी' इतक्या सहजपणे बनवता येतो हे मात्र स्वतः बनवल्यावरच कळले.

याच्या उलट टोकाचा खोटेपणाही मला परिचयाचा आहे. व्यवस्थापनशास्त्राचे नाव काढताच आमच्या शिक्षककक्षात जी नाके मुरडली जातात, त्यांच्यामागे त्यागी शिक्षकाची एक प्रतिमा उभी असते. तिचा उगम पुण्यातला आहे. 1884 मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी निघाली. तिच्या आजीव सभासदांनी वीस वर्षे अल्प वेतनावर शिकवायचे, असा दंडक होता. गोखल्यांची वीस वर्षे आणि 75 रुपये हे मराठी शिक्षकाच्या स्मृतीत जवळजवळ मंत्रासारखे बसले आहेत. मात्र त्या मंत्राचा दुसरा चरण आपण गाळतो. ते आजीव सभासदच संस्था चालवीत. वेळापत्रक, वर्गणी, जमाखर्च, नेमणुका हे सारे शिकवणाऱ्यांच्याच हाती होते. शिकवण्याखेरीज बाहेरून मिळकत करावी की नाही यावर ते हमरीतुमरीवर येऊन भांडत. टिळक 1890 मध्ये संस्थेतून बाहेर पडले त्या वादात हाही प्रश्न होता. गोखल्यांनी स्वतः अंकगणिताचे क्रमिक पुस्तक लिहिले. पैशाचा विचार त्या मंडळींना विटाळ वाटत नव्हता. आज त्याग तेवढा शिक्षकाकडे उरला आहे आणि हिशेबाची वही दुसऱ्याच्या हाती गेली आहे. कायम नोकरीतल्या ज्येष्ठांनी तासिकेवरच्या शिक्षकाला ध्येयवादाचे धडे द्यावेत, यातला विनोद त्यांच्या लक्षात येत नाही. असो.

दुपारी पाऊस उघडला की मी विहिरीच्या कठड्यावर बसत असे. मराठीने या पक्ष्याला सुगरण हे स्त्रीलिंगी नाव दिले, पण विणणारा नर असतो. खोपा शिरस्त्राणाच्या आकाराइतका झाला की तो थांबतो, पंख फडफडवून माद्यांना बोलावतो. मादी येऊन आत शिरते, विणकाम चोचीने तपासते. तिला पटले तर तो खालची लांब नळी विणून घर पुरे करतो आणि लगेच दुसऱ्या खोप्याच्या, दुसऱ्या मादीच्या खटपटीला लागतो. सालिम अलींनी किहीमला नोंदवले ते हेच. नापसंत पडलेले अर्धे खोपे तसेच लोंबत राहतात. प्रवेशसमितीची उपमा इतकी हाताशी होती की मी ती निबंधात घातलीही, आणि दुसऱ्या दिवशी काढून टाकली. विद्यार्थ्याने असे काही लिहिले असते तर मी समासात 'ओढूनताणून' असा शेरा दिला असता.

अखेरीस मी जे लिहिले ते एका बैठकीविषयी होते. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडची विशेष मराठीची तुकडी बंद झाली. बैठकीत एक तक्ता वाटला गेला : विद्यार्थीसंख्या, कार्यभार, खर्च. त्यात आमच्या विषयाचे तास एका जागी कमी मोजलेले आहेत, असा मला दाट संशय आला. परंतु कुठे आणि कसे, हे दाखवता येईना. एका प्रतिमेवर दोन तास बोलू शकणारी मी त्या एका पानापुढे गप्प बसले. चूक कुठे होती हे मला तीन आठवड्यांनी, वाणिज्य शाखेतल्या एका सहकाऱ्याने समजावल्यावर कळले. तोवर अकरा मुलांनी दुसरे विषय घेतले होते. त्यांच्यातली एक मुलगी रोज पहाटेच्या एसटीने यायची. तिने नंतर शिक्षणच सोडले. याला नेतृत्व म्हणत नाहीत, आणि परिणाम म्हणायचा तर तो उलटाच. परंतु हिशेब शिकावासा वाटण्याचे याहून खरे कारण माझ्यापाशी नव्हते. शिकून पुन्हा शिक्षणसंस्थेतच येईन, असे आश्वासन द्यायचा मोह झाला. तेही वाक्य खोडले, कारण त्याची खात्री मला देता येत नाही. सालिम अलींनी पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आर्थिक अडचणीत असताना पंडित नेहरूंना पत्र लिहून मदत मिळवली. त्या पत्रामागे दावर कॉलेजातले हिशेबाचे तास कितपत होते, कोण जाणे.

रकान्यात शून्य भरले. खाली 'अन्य माहिती' या जागेत तासांची बेरीज लिहिली. ती करताना दाखल्यांतल्या दोन वर्षांचे आकडे जुळेनात. मावशीने कॅलेंडरवरच्या सुट्ट्या मोजून ते जुळवून दिले.

राहता राहिली शिफारसपत्रे. आमच्या निवृत्त विभागप्रमुख बाईंना फोन केला. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "देते हो. पण पत्र मराठीत लिहिले तर चालेल का त्यांना?"