वजनदार माणसाची सायकल

आपल्या भाषेनें वजनाला मोठा मान दिला आहे. ज्याच्या शब्दाला वजन आहे त्याचें काम कचेरींत अडत नाहीं; 'वजनदार असामी' आली कीं सभेंत पुढची खुर्ची आपोआप रिकामी होते. परंतु हा सर्व मान लक्षणेचा आहे. वाच्यार्थानें जो वजनदार असतो त्याला पुढची खुर्ची मिळाली, तरी ती आपला भार सोशील कीं नाहीं या चिंतेंत त्याचें अर्धें व्याख्यान निघून जातें. मी या दुसऱ्या वर्गांतला. काट्यावर उभा राहिलों कीं ११२ हा आकडा उमटे, आणि कित्येक वर्षें तो मजशीं एकनिष्ठ राहिला होता.

अशा माणसानें पन्नाशीच्या उंबरठ्यावर सायकल घेण्याचें मनांत आणावें, आणि तीही खालीं वळलेल्या हँडलची, शर्यतीच्या घाटाची, हें ऐकून लोकांना हंसूं येतें. त्यांच्या हंसण्याचा मला राग नाहीं. पण माझें कारण हंसण्यासारखें नव्हतें. माझे वडील साठीच्या आंतच गुडघ्यांच्या दुखण्यानें खाटेला जखडले गेले. अंगणांतल्या तुळशीपर्यंत जाण्यासाठींही त्यांना दुसऱ्याचा खांदा लागे. त्यांचे गुडघे आणि त्यांची देहयष्टि हा वारसा माझ्याकडे आला आहे. डॉक्टरांनीं सांगितलें, "चालतांना सारा भार गुडघ्यांवर येतो; सायकलीवर तो बराचसा सीट उचलते. सायकल चालवा." दुसरें कारण अधिक आंतलें आहे. मी नांदेडास राहतों. माझी थोरली बहीण, आमची अक्का, लातुरास एकटी असते. एसटीच्या खिडकींतून लोहा, अहमदपूर, चाकूर हीं गांवें मीं शेंकडों वेळां पाहिलीं आहेत. तो सुमारें १४० किलोमीटरांचा रस्ता एकदां तरी स्वतःच्या पायांनीं तोडावा आणि अक्काच्या दारांत सायकलीची घंटी वाजवावी, ही इच्छा मनांत घर करून बसली आहे. नांदेड गोदेच्या कांठीं, समुद्रसपाटीपासून सुमारें ३६० मीटरांवर. लातूर पठारावर, सुमारें ६३० मीटरांवर. बहिणीकडे जाणें म्हणजे चढणें, हें नकाशानेंच ठरवून ठेवलें आहे.

एका मोठ्या शहरांतल्या दुकानांत मीं प्रथम चौकशी केली. तेथील तरुण विक्रेत्यानें मला नखशिखान्त न्याहाळलें आणि मोठ्या अदबीनें सांगितलें, "सर, आधीं थोडं वजन कमी करा, मग ही सायकल घ्या." सल्ला सद्हेतूचा होता, यांत शंका नाहीं. पण त्यांतला न्याय पाहा. वजन उतरल्यावर सायकल घ्यावयाची, आणि वजन उतरावयाचें कशानें, तर सायकलीनें! पोहतां आल्यावांचून विहिरींत उतरूं नकोस असें सांगणाऱ्या आजीबाईंचाच हा न्याय. त्याच्या बुडाशीं एक जुनी समजूत आहे: वेगाचा आनंद हा सडपातळ लोकांचा राखीव प्रांत, स्थूल माणसानें अंग हालवावें तें प्रायश्चित्त म्हणून. ही समजूत मला मान्य करवेना. म्हणून मीं या विषयाचा रीतसर अभ्यास आरंभिला.

पहिली गोष्ट समजली ती ही, कीं भाराची भीति आपण भलत्याच ठिकाणीं बाळगतों. मला वाटे, आपल्या खालीं सांगाडा मोडेल. आमच्या गल्लींत एक वृद्ध मिस्त्री आहेत. लहानथोर सारे त्यांना चाचा म्हणतात. त्यांच्यापाशीं मीं ही शंका काढली. ते हंसले. "सर, फ्रेम कुठं मोडती? मोडतेत ते मागच्या चाकाचे स्पोक. तुम्ही चाक बघून घ्या." पुढें ग्रंथांतूनही तेंच कळलें. बसलेल्या माणसाचा अधिक भार मागच्या चाकावर असतो. प्रत्येक फेऱ्यांत जो स्पोक तळाशीं येतो त्याचा ताण क्षणभर सैल पडतो आणि वर जातांच पूर्ववत् होतो. ही ओढाताण लक्षावधि वेळां झाली कीं तार थकते आणि तुटते. स्पोक जितके अधिक आणि जितके सारख्या ताणाचे, तितका एकेकाच्या वाट्याला भार कमी. शर्यतीच्या चाकांना वीस-चोवीस स्पोकही असतात; जड माणसानें ३२ पाहावेत, आणि नव्या चाकांचा आऊट पहिल्या कांहीं आठवड्यांत कुशल हातानें काढून घ्यावा.

हें वाचतांना मला दुधवाल्यांची काळी सायकल आठवली. दोन्ही बाजूंस भरलेल्या कॅन लटकावून ती वर्षानुवर्षें धांवली, याचें रहस्य तिच्या चाकांत होतें. त्या घाटाच्या सायकलीच्या पुढच्या चाकाला ३२ आणि मागच्या चाकाला ४० स्पोक असण्याचा जुना प्रघात. जो प्रश्न मला दुकानांत लाजिरवाणा वाटला तो आमच्या गवळ्यांच्या वाहनानें केव्हांच सोडविलेला होता! मग तीच सायकल कां घेतली नाहीं, असें वाचक विचारतील. अक्कानेंही तेंच विचारलें. तिचें वजन वीस किलोंच्या घरांत, तिच्यावर छाती पुढें काढून वाऱ्याला तोंड द्यावें लागतें, आणि गिअर एकच: पेडलच्या एका फेऱ्यांत ती सुमारें पांच मीटर पुढें जाते. सपाटीवर हें ठीक. परंतु चढावर माझ्या गुडघ्यांना एका फेऱ्याला दोन मीटरांचाच घांस पुरे. पुढें ३४ दात्यांचें चक्र आणि मागें ३४ दात्यांचें मोठें चक्र असलें, कीं पायाच्या एका फेऱ्याला चाकाचा एकच फेरा होतो. बेताचा घांस घेऊन सावकाश जेवणाराच शेवटच्या पंगतीपर्यंत टिकतो.

टायरांविषयींही असेंच झालें. बारीक टायर वेगवान, हा समज आतां शर्यतवाल्यांनींच सोडला आहे. पूर्वी २३ मिलिमीटरांवर धांवणारे आज २८ वापरतात. मीं ३२ घेतले. रुंद टायरांत हवा अधिक मावते, म्हणून ती दगडासारखी कडक भरावी लागत नाहीं, आणि खड्ड्यांत रिम आपटत नाहीं. बाभळीच्या कांट्याला मात्र जाड-बारीक हा भेद ठाऊक नाहीं. त्यासाठीं पंक्चरचें सामान खिशांत हवें. कंपन्या माणूस, सामान आणि सायकल मिळून जी भारमर्यादा छापतात, ती अनेकदां १२० किलोंच्या आसपास असते. ती वाचल्यावांचून पैसे मोजूं नयेत. राहिला हलकेपणा. अर्धा किलो कमी व्हावा म्हणून कार्बनच्या सांगाड्याला हजारों रुपये जादा देतात. ज्याच्या स्वतःच्या अंगावर कित्येक अर्धे किलो बिनभाड्यानें राहत आहेत, त्यानें हा सौदा करूं नये. मीं अॅल्युमिनियमची फ्रेम आणि चांगले डिस्क ब्रेक घेतले. कारण उतारावर वजन आपला हिशोब चुकता करून घेतें.

स्पेनचा मिगेल इंदुराइन १९९१ ते १९९५ अशीं लागोपाठ पांच वर्षें फ्रान्सची महाशर्यत जिंकला. त्याचें वजन ८० किलोंच्या आसपास, म्हणजे त्या जगांत तो धिप्पाडच. सपाटीवर खरी झुंज वाऱ्याशीं असते, तेथें देहाचा भार फारसा आड येत नाहीं. चढावर मात्र प्रत्येक किलोचा जाब द्यावा लागतो. ही वांटणी एकदां कळली, कीं मागें पडण्याचें दुःख उरत नाहीं. आपण कोठें मागें पडणार हें आधींच ठाऊक असतें.

सायकल घरीं आली तेव्हां आमच्या सौ.नें एवढेंच म्हटलें, "एवढ्या पैशांत जुनी मोटारसायकल आली असती." हें अगदीं खरें आहे. आतां मी पहांटे निघतों आणि ऊन तापण्यापूर्वीं परततों. लोह्यापर्यंत जाऊन येणें जमूं लागलें आहे. वाटेंत शेतकरी थांबवून "केवढ्याला घेतली?" असें विचारतात, "तुम्हांला झेपती का?" असें अजून एकानेंही विचारलेलें नाहीं. वजन तीन किलोंनीं उतरलें आहे, त्याचा आनंद डॉक्टरांना अधिक. मला आनंद आहे तो निराळाच: उतारावर कानांत वारा भरतो तेव्हां वडिलांच्या खाटेची भीति मला गांठीत नाहीं.

अहमदपूर अजून दूर आहे, लातूर त्याहून दूर. परवां अक्काला फोनवर सांगितलें, थंडी पडली कीं येतों. ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "ये. पण निघतांना कळव. त्या हिशोबानं भाकरी टाकते."