फोर बाय फोर आणि बाबांची अट

डोंगरात न्यायला गाडी निवडायची म्हणजे ग्राउंड क्लिअरन्स, टॉर्क आणि ईएमआयचं गणित, एवढंच मला वाटत होतं. पण आमच्या घरात माझ्याआधी आणखी एक जीप होऊन गेली होती…

‘तुला जीप? कशाला?’

गेल्या वर्षभरात हा प्रश्न मी निदान चाळीस वेळा ऐकला असेल. आईने विचारला, मैत्रिणींनी विचारला, सोसायटीतल्या काकांनी तर लिफ्टमध्ये गाठून विचारला. एका शोरूममधला सेल्समन जरा जास्त सभ्य होता. तो म्हणाला, ‘मॅडम, टेस्ट ड्राइव्हला सर कधी येतायत?’ मी म्हटलं, ‘सर नाहीत, मीच आहे.’ त्याने लगेच मला गाडीच्या सीट कव्हरचे रंग दाखवायला घेतले!

मी अठ्ठावीस वर्षांची, फ्रीलान्स पत्रकार. मास कॉम करून बाहेर पडले तेव्हा वाटलं होतं, आपण स्टुडिओत बसून देशाला प्रश्न विचारणार. प्रत्यक्षात मी पाणवठे, देवराया, घाटातल्या वाड्या-वस्त्या यांच्यावर लिहिते. म्हणजे जिथे एसटी दिवसातून एकदा जाते आणि ओला-उबर कधीच जात नाही, अशा ठिकाणी माझं ऑफिस. पाच वर्षं हे सगळं मी स्कूटर, वडाप आणि मित्रांच्या मेहेरबानीवर निभावलं. पण भोरच्या पलीकडे एका कच्च्या रस्त्यावर भर पावसात तीन तास अडकले, त्या दिवशी ठरवलं, बस्स! आता स्वतःची फोर बाय फोर.

ठरवणं सोपं होतं. त्यानंतर सुरू झाला तो अभ्यास. बारावीलाही मी एवढा केला नव्हता.

कागदावरची गाडी

पहिला धडा : उंच दिसणारी प्रत्येक गाडी डोंगरातली नसते. आपल्या आयटी पार्कच्या पार्किंगमध्ये ज्या ऐटबाज एसयूव्ही उभ्या असतात, त्यातल्या बहुतेक टू व्हील ड्राइव्ह असतात. थारसुद्धा सगळ्या फोर बाय फोर नसतात हं. २०२३ च्या जानेवारीत तिचं फक्त मागच्या चाकांवर चालणारं मॉडेल आलं. दिसायला तीच ऐट, पण चिखलात उतरलात की ट्रॅक्टरवाल्याचा नंबर शोधा.

दुसरा धडा : ‘लो रेंज’. फोर बाय फोरचा खरा जीव यात आहे. मुख्य गिअरबॉक्सच्या जोडीला ट्रान्सफर केस नावाची आणखी एक पेटी असते. तिचा दांडा लो वर टाकला की गाडीचा वेग मुंगीचा आणि ताकद बैलाची होते. दगडगोट्यांचा उतार असेल तर ब्रेकला पाय न लावता गाडी इंजिनच्या जोरावर अलगद खाली येते. पहिल्यांदा हे अनुभवलं तेव्हा मी चक्क टाळ्या वाजवल्या होत्या.

मग माझी यादी झाली. महिंद्राची थार : २२६ मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स, साडेसहाशे मिलिमीटर पाण्यातून जाण्याची क्षमता, दणदणीत इंजिन. फोर्सची गुरखा : पुढे-मागे दोन्हीकडे डिफरेन्शियल लॉक आणि कंपनीतूनच आलेलं स्नॉर्केल, म्हणजे नदी ओलांडायचीच असेल तर हीच. मारुतीची जुनी जिप्सी : १९८५ ची, लष्कराची आणि सफारीवाल्यांची लाडकी, वजनाला हलकी. पण तुमच्या-आमच्यासाठी तिचं उत्पादन २०१८-१९ च्या सुमारास थांबलं. आता मिळणाऱ्या बऱ्याचशा जिप्सींना पंधरा वर्षं होऊन गेलीत, म्हणजे फिटनेस आणि फेरनोंदणीच्या चकरा आल्या. आणि चौथी जिमनी, २०२३ मध्ये आलेली. लो रेंज सगळ्या मॉडेल्सना, वजन बाराशे किलोच्या आसपास, रुंदी फक्त १६४५ मिलिमीटर.

माझं मन अर्थातच थारवर होतं. का? खरं सांगू? फोटोत भारी दिसते म्हणून. मी मोबाइलवर एक फोटो सेव्हसुद्धा करून ठेवला होता. काळी थार, जाडजूड टायर आणि टपावर या टोकापासून त्या टोकापर्यंत एलईडी लाइट्सची पट्टी. सॉलिड!

सड्यावरचे चर

दरम्यान जुलैत एका ऑफ-रोडिंग ग्रुपबरोबर साताऱ्याकडच्या एका सड्यावर गेले. सात-आठ गाड्या, सगळे आमच्याच वयाचे, सोमवारी लॅपटॉपसमोर बसणारे. टायरमधली हवा तीसवरून अठरा-वीस पीएसआयवर आणायची, म्हणजे टायर पसरतो आणि पकड मिळते, हे मी तिथेच शिकले. अडकलेल्या गाडीला दोर बांधायचा तो चेसिसच्या हुकाला, बंपरला नाही, हेही शिकले. मित्राने मला त्याची गाडी चालवायला दिली. चिखल विंडस्क्रीनपर्यंत उडाला, सगळे ओरडत होते, मी तर सर्वांत जोरात.

सप्टेंबरात एका लेखासाठी त्याच सड्यावर पुन्हा गेले, फुलं बघायला. सड्यावर जांभ्या दगडाच्या पाठीवर जेमतेम बोटभर माती असते आणि वर्षातले दोन-तीन महिने त्या एवढ्याशा मातीत सगळा संसार चालतो. सीतेची आसवं म्हणजे किडे खाणारं इवलंसं जांभळं फूल, पांढरे गेंद, तेरडा. सगळं फुललं होतं. आणि त्या गालिच्याच्या मधून दोन लांबच लांब काळपट चर गेले होते. त्यात काहीच उगवलं नव्हतं. नुसतं पाणी साचलेलं.

माझ्याबरोबर एक वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापिका होत्या. त्या म्हणाल्या, ‘कोण येतं गं इथे गाड्या घेऊन?’ मी म्हटलं, ‘काय माहीत.’

त्या रात्री गाड्यांच्या यादीत मी दोन नवे रकाने टाकले. वजन आणि रुंदी. गाडी कुठून जाऊ शकते हे सगळेच सांगतात. जिथे बैलगाडीची वाट आहे त्याच वाटेवर ती मावेल का, वाट सोडून कडेच्या गवतात चाक घालावं लागेल का, हे कुठल्याच ब्रोशरमध्ये नसतं. थारचं वजन पावणेदोन टनांच्या आसपास, रुंदी १८०० मिलिमीटरच्या वर. पहिल्यांदाच थारचा नंबर खाली घसरला.

बाबांची सही

आता प्रश्न पैशांचा. सेकंडहँड घ्यायची म्हटली तरी कर्ज लागणारच होतं. आणि फ्रीलान्सर या प्राण्याकडे बँक कशी बघते हे तुमच्यापैकी ज्यांनी नोकरी सोडलीय त्यांना विचारा. ‘सॅलरी स्लिप?’ नाही. ‘कंपनी?’ मीच. ‘मग को-अॅप्लिकंट आणा.’ को-अॅप्लिकंट म्हणजे बाबा.

बाबा पासष्ट वर्षांचे, निवृत्त, स्वभावाने शांत. माझ्या कुठल्याच वेडाला त्यांनी कधी नाही म्हटलेलं नाही. रविवारी सकाळी पोहे खाताना मी विषय काढला आणि मोठ्या उत्साहाने मोबाइलमधला तो फोटो दाखवला. टपावर लाइट्सची पट्टी असलेला.

बाबांनी चष्मा लावून फोटो पाहिला. मग मोबाइल उलटा करून टेबलावर ठेवला.

‘मी सही करणार नाही,’ म्हणाले आणि पेपर घेऊन बाल्कनीत गेले.

मला भयंकर राग आला. मुलगी आहे म्हणून? नोकरी नाही म्हणून? चार दिवस आम्ही एकमेकांशी ‘मीठ दे’च्या पलीकडे बोललो नाही. पाचव्या दिवशी रात्री पाणी प्यायला उठले, तर बाबा हॉलमध्ये अंधारात बसलेले.

‘अण्णांकडे जीप होती, माहितीये ना तुला?’ ते म्हणाले.

माहीत होतं. अण्णा म्हणजे माझे आजोबा. आमचं मूळ गाव राधानगरी तालुक्यात. अण्णा रस्त्यांची कंत्राटं घ्यायचे, त्यासाठी त्यांनी जुनी विलीज घेतली होती. मुंबईत महिंद्राने ज्यांची जोडणी १९४० च्या दशकाच्या अखेरीस सुरू केली, त्यातली. त्या जीपच्या बॉनेटवर पाय टाकून बसलेल्या अण्णांचा फोटो गावच्या घरात अजून आहे. हातात बंदूक. लहानपणी मला तो फोटो जाम आवडायचा.

‘रात्री शिकारीला जायचे. ससा, डुक्कर, भेकर. तेव्हा त्यात कुणाला काही वाटायचं नाही. मी दहा वर्षांचा झालो तेव्हा मला पहिल्यांदा नेलं. काम एकच, सर्चलाइट धरायचा. जीपच्या बॅटरीवर चालायचा तो. उजेड पडला की जनावर जागच्या जागी खिळतं, पोरी. पळत नाही. नुसते डोळे चमकतात.’

मी काहीच बोलले नाही.

‘त्या रात्री भेकर होतं. दोन डोळे दिसले. आणि त्यांच्या मागे आणखी दोन, लहान. पाडस होतं. अण्णांना ते दिसलं नव्हतं, मला दिसलं होतं. लाइट जरासा हलवला असता तर दोघं पळाली असती. पण अण्णा ओरडतील म्हणून मी हात स्थिर धरला.’

बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

‘बंदुकीचं मला काही नाही. बंदूक अण्णांची होती. लाइट माझ्या हातात होता.’

पुढे १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला. १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यावरची उरलीसुरली शिकारही संपली. अण्णांनी जीप विकली. पण बाबा त्या रात्रीनंतर कधीच रानात गेले नव्हते. आम्ही दरवर्षी गावी जायचो, दाजीपूरचं अभयारण्य तिथून हाकेच्या अंतरावर, आणि दरवर्षी बाबांना काहीतरी काम असायचं. ‘तुम्ही जाऊन या,’ म्हणायचे. मला वाटायचं, त्यांना आवड नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अर्जावर सही केली. अट एकच. टपावर लाइट लावायचे नाहीत, आणि रात्री रानात गाडी घालायची नाही.

ही अट ऐकल्यावर बाकीची निवड दहा मिनिटांत झाली. मोठे लाइट नकोत, मोठी बॅटरी नको, पुढे लोखंडी बुलबार नको (तसाही त्याला २०१७ च्या डिसेंबरपासून केंद्र सरकारची मनाई आहे). दिवसाउजेडी, आहे त्या वाटेने, हळू जाणारी गाडी हवी. हलकी आणि अरुंद. दोन वर्षं वापरलेली हिरवी जिमनी मिळाली. खोटं कशाला बोलू, हायवेला ट्रकला ओव्हरटेक करताना तिचं १.५ लिटरचं पेट्रोल इंजिन धाप टाकतं आणि मागची सीट वर असली की डिकीत दोन सॅक म्हणजे डोक्यावरून पाणी. पण बैलगाडीच्या वाटेवर ती अशी जाते, की कडेचं गवतही हलत नाही.

दाजीपूर

पहिली मोठी ट्रिप गावाकडे. या वेळी बाबा पुढच्या सीटवर.

दाजीपूर म्हणजे एकेकाळचं कोल्हापूरच्या महाराजांचं शिकारीचं रान. १९५८ मध्ये ते गव्यांसाठी अभयारण्य झालं, राज्यातलं पहिलं. २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीतही गेलं. आणि गंमत बघा, एवढा अभ्यास करून घेतलेली माझी फोर बाय फोर आम्ही गेटवरच उभी केली! आत गेलो ते तिथल्याच एका मुलाच्या जीपमधून. त्याला त्या लाल मातीतला खड्डा न् खड्डा पाठ होता आणि हे त्याच्या पोटापाण्याचं काम होतं. बाबा मागच्या बाकावर दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले होते. गवा दिसला नाही. शेकरू दिसलं, ते बघून बाबा लहान मुलासारखे हसले.

संध्याकाळी चुलतभावाकडे जेवण होतं. तो म्हणाला, ‘तुम्हा पुण्याच्या लोकांना गव्याचं फोटो पाहिजेत. आमचा अर्धा एकर ऊस खाल्लाय त्यानं.’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. मी फक्त ते लिहून घेतलं.

घरी परतताना अंधार पडला होता. रान नव्हे, गावचा डांबरी रस्ताच, दोन्ही बाजूंना ऊस. एका वळणावर हेडलाइटचा झोत फिरला आणि पुढे चाळीसेक फुटांवर दोन डोळे चमकले. हिरवट, खूप उंचावर. गवा! टनभर वजनाचा, रस्त्याच्या मधोमध, आमच्या उजेडात खिळून उभा.

मी ब्रेक दाबला. माझा हात आपोआप मोबाइलकडे गेला.

‘लाइट बंद कर,’ बाबा म्हणाले. आवाज अगदी खालचा.

मी लाइट घालवले. इंजिनही बंद केलं. काळाकुट्ट अंधार. काही दिसत नव्हतं, फक्त ऐकू येत होतं. फुस्स करून सोडलेला एक लांब श्वास, मग डांबरावर खुरांचा आवाज, मग उसाच्या पात्यांची सळसळ. बराच वेळ. मग तीही थांबली.

‘गेला?’ बाबांनी विचारलं.

‘गेला.’

‘चल मग. हळू घे.’

फोटो नाही मिळाला. ईएमआय अजून एक्केचाळीस बाकी आहेत. आणि परवा लिफ्टमध्ये काकांनी पुन्हा विचारलं, ‘काय, झाली का हौस पूर्ण?’

मी म्हटलं, ‘माझी काय विचारता काका, बाबांना विचारा. पुढच्या ट्रिपची तारीख त्यांनीच काढलीय.’