क्रँकच्या बोळातला कचरा

गाडीबद्दल आपण काय बोलतो? मायलेज, म्युझिक सिस्टिम आणि ईएमआय. बस्स! बॉनेटच्या खाली काय चालतं ते गॅरेजवाल्याचं डिपार्टमेंट. माझाही फंडा असाच क्लिअर होता. मी हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, म्हणजे दुसऱ्यांच्या कोडमधला कचरा शोधायचा मला पगार मिळतो. एक दिवस लोखंडातला कचरा शोधायला बसेन, असं कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

आमच्याकडे १९९९ ची मारुती ८०० आहे. बाबांनी ओव्हरटाइमच्या पैशांतून घेतलेली. हे मॉडेल २०१४ मध्ये बंद झालं, आमच्या पार्किंगमध्ये मात्र ते अजून चालू आहे. गेल्या मे महिन्यात वाईच्या पुढे कच्च्या रस्त्यावर सम्पला दगड लागला आणि ऑइल गळून गेलं. ऑइल प्रेशरचा लाल दिवा लागेपर्यंत आतून टकटक ऐकू यायला लागली होती. गाडी टोचन करून पुण्यात आणली. इंजिन खोललं, तर कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग पार गेलेलं.

ऑफिसात एकमुखी सल्ला : ‘भंगारात दे यार!’ हिशेबानं बरोबरच होतं. पण प्रश्न गाडीचा नव्हता, बाबांचा होता. दोन वर्षांपूर्वी त्यांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवी मूठ नीट मिटत नाही, शब्द अडखळत येतात. समोरचा माणूस थांबत नाही, मग तेच बोलणं सोडून देतात. २७ वर्षं एका कारखान्यात क्रँकशाफ्टच्या लाइनवर काढलेला हा माणूस. गाडी हा एकच विषय असा, ज्यावर ते अजून पूर्ण वाक्य बोलायचे. ते वाक्य मला भंगारात द्यायचं नव्हतं.

मग इंजिन बांधायचं ठरलं आणि माझी शिकवणी सुरू झाली. बेअरिंग म्हणजे मला सायकलमधले छर्रे माहीत. इथे तसलं काही नसतं. चकचकीत पत्र्याच्या दोन अर्धगोल वाट्या, मध्ये फिरणारा क्रँक आणि दोघांमध्ये ऑइलचा पातळ थर. ती फट केसाच्या जाडीपेक्षाही कमी. क्रँक धातूला टेकतच नाही, ऑइलवर तरंगतो. थर गेला की धातूवर धातू घासतो, आणि मग काही मिनिटांत खेळ खल्लास.

हे ऑइल तिथे पोचतं कसं? सम्पमधून पंप, पंपातून फिल्टर, तिथून ब्लॉकमधल्या गॅलरीतून मेन बेअरिंगला. पुढे क्रँकच्याच पोटात तिरकी भोकं पाडलेली असतात, त्यांतून रॉडच्या बेअरिंगला. बाबा त्यांना ‘बोळ’ म्हणतात. रॉडचं बेअरिंग म्हणजे लाइनीतलं शेवटचं घर, नळाला पाणी सगळ्यात उशिरा येणारं! बोळ तुंबला तर त्या घराला दुसरा रस्ताच नाही.

बेअरिंग मरतं तेव्हा त्याचा चुरा ऑइलमध्ये मिसळतो. फिल्टर आहे की, असं मी म्हटलं. पण फिल्टर तुंबला की त्याचा बायपास व्हॉल्व्ह उघडतो. इंजिनाला ऑइलच न मिळण्यापेक्षा घाण ऑइल मिळालेलं बरं, हा त्यामागचा विचार. म्हणजे नेमक्या नको त्या वेळी चुरा सगळीकडे फिरतो आणि क्रँकच्या बोळात जाऊन बसतो.

क्रँक ग्राइंडिंग होऊन आला. नाना पेठेतून ०.२५ मिलिमीटर अंडरसाइझचा बेअरिंग सेट आणला. चाचा इंजिन बांधायला घेणार, तेवढ्यात खुर्चीवरून बाबा म्हणाले, ‘‘होलं... साफ केली?’’

‘‘हवा मारली ना, साहेब. आरपार जाते.’’

‘‘हवा... वाट काढते. कचरा... काढत नाही.’’

चाचा जरा खट्टू झाले. तीस वर्षांचा हात त्यांचा. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग मी त्यांचे हात झाले. रॉकेल, बारीक नायलॉनचा ब्रश, पांढरी चिंधी. प्रत्येक बोळात दोन्ही तोंडांकडून ब्रश फिरवायचा, रॉकेल सोडायचं, डोळ्यांना गॉगल लावून हवा मारायची, आणि पुन्हा पहिल्यापासून. पहिल्या दोन बोळांतून फक्त काळं पाणी. तिसऱ्यातून राखाडी पेस्ट आली. चिंधी उन्हात धरली तर चमचम! बेअरिंगचा चुरा आणि त्यात ग्राइंडिंगची भुकटी.

चाचा दोन मिनिटं गप्प. मग माझ्या हातातला ब्रश घेऊन म्हणाले, ‘‘मॅडम, सरका.’’ पुढचा तासभर ते आणि बाबा. चिंधी पांढरी निघेपर्यंत. शेवटी गरम साबणाच्या पाण्यानं धुऊन, वाळवून लगेच ऑइलचा हात फिरवला, नाहीतर उघड्या पोलादावर गंज धरतो. ती पेस्ट आत राहिली असती तर पहिल्याच स्टार्टला नव्या बेअरिंगवर गेली असती. सगळा खर्च पाण्यात, आणि बाबांच्या गाडीला तिसरी संधी मिळाली नसती.

तुमच्यावर ही वेळ आलीच, तर गॅरेजवाल्याला तीन गोष्टी विचारा. ग्राइंडिंगनंतर बोळ ब्रशनं साफ केले का? काही क्रँकमध्ये बोळाचं तोंड प्लगनं बंद असतं, तो काढला का? कारण फिरताना कचरा बाहेरच्या बाजूला फेकला जाऊन त्या प्लगमागेच घट्ट बसतो. आणि ऑइल पंप, त्याची जाळी, ब्लॉकमधली गॅलरी धुतली का? फिल्टर तर नवाच हवा. पहिल्यांदा सुरू करताना स्पार्क प्लग काढून, ऑइलचा दिवा विझेपर्यंत नुसता स्टार्टर मारायचा. तोवर घाई नाही.

गाडी आता रोज चालते. चाचांकडे एखादं इंजिन खोललं की ते बाबांना फोन करतात, ‘‘साहेब, जरा येऊन बघता का?’’ मी सोडायला जाते. बाबांचे शब्द अजून हळूहळूच येतात. पण चाचा पाना खाली ठेवतात आणि वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबतात.