सुई ओवता येत होती

गोवंडीत ब्लाउज शिवून मी दोन मुलं वाढवली. त्यामुळे डोळ्यांची परीक्षाही मी शिंपिणीसारखीच घ्यायचे. काळ्या कापडावर काळ्या दोऱ्याने हुक लावता आले आणि बारीक सुई पहिल्या फटक्यात ओवता आली, की डोळे ठणठणीत. डॉक्टरला कशाला पैसे द्यायचे?

चाळिशी लागली तेव्हा स्टेशनबाहेरच्या गाडीवरून दीड नंबरचा चष्मा घेतला. मग दोनचा, पुढे अडीचचा. नंबर माझा मीच वाढवत होते. त्या चष्म्याने डोळे बिघडले असं मी म्हणणार नाही. वय झालं की डोळ्यातलं भिंग ताठर होतं, जवळचं दिसायला आधार लागतो, आणि तो त्या स्वस्त चष्म्याने दिलाच. नुकसान वेगळंच झालं. नंबर काढायला डॉक्टरकडे गेले असते, तर त्यांनी डोळ्यातला दाब मोजला असता, आतली नस पाहिली असती. माझं काम रस्त्यावरच भागलं, त्यामुळे तपासणी कधी झालीच नाही.

दुसरी चूक जास्त वाईट. जानेवारी 2016 मध्ये देवनारचं डंपिंग पेटलं. 1927 पासून कचरा घेणारं ते मैदान आम्हाला नवं नव्हतं, धूरही नवा नव्हता, पण त्या वेळी कित्येक दिवस आकाशच दिसेना. शाळा बंद ठेवाव्या लागल्या. माझे डोळे लालबुंद झाले. औषधाच्या दुकानात गेले, तिथल्या मुलाने एक बाटली काढून दिली. संध्याकाळपर्यंत लाली गायब! एवढं गुणी औषध मी सोडते की काय. पुढे धूर झाला, रात्री जागून लग्नाची ऑर्डर संपवली, नुसतं चुरचुरलं तरी तीच बाटली. शेजारणींनाही दिली, हे लिहिताना आजही लाज वाटते. त्यात स्टेरॉइड होतं. डॉक्टरच्या देखरेखीशिवाय असे थेंब बरेच दिवस घातले, तर काहींच्या डोळ्यांतला दाब वाढतो, आणि घरात कोणाला काचबिंदू असेल तर हा धोका जास्त.

आमच्या घरात तो बहुधा होता. माझ्या वडिलांची, अण्णांची, नजर उतारवयात गेली. गावात सगळे म्हणायचे, मोतीबिंदू आहे, पिकला की काढू. तो पिकण्याची वाट बघता बघता अण्णा गेले. मोतीबिंदू पिकेपर्यंत थांबायची आता गरज नसते, हे मला पुढे कळलं. अण्णांच्या डोळ्यांत नक्की काय होतं, हे मात्र आम्ही कोणी कधी विचारलंच नाही.

मग गोवंडीच्या पुलावर डावीकडून येणारी माणसं मला धडकायला लागली. म्हणजे असं मी म्हणायचे. खरं तर मीच त्यांना धडकत होते. एकदा रिक्षा अगदी कोपराला घासून गेली, तर त्या रिक्षावाल्याला मी भर रस्त्यात झापलं. बिचारा हॉर्न वाजवत आला होता. सुई मात्र ओवली जात होती, आणि हाच त्या रोगाचा कावा. काचबिंदू बहुतेक वेळा कडेची नजर आधी खातो. मधली शेवटपर्यंत टिकते, म्हणून पेपर वाचता येतो, हुक लावता येतो. डोळा दुखत नाही. काळा डागही दिसत नाही, कारण एका डोळ्याचं उणं दुसरा झाकतो आणि उरलेलं मेंदू भरून काढतो.

शेवटी मुलीने सायनच्या रुग्णालयात नेलं, तेही मोतीबिंदू असेल म्हणून. डोळे बधिर करायचे थेंब घातले, हनुवटी टेकवली आणि निळा उजेड अगदी बुबुळाला येऊन टेकला. दाब साधारण 10 ते 21 असतो. माझा तिशीच्या वर होता. नंतर एका पांढऱ्या घुमटात तोंड घालून बसवलं. कडेला बारीक उजेड चमकला की बटण दाबायचं. डाव्या डोळ्याच्या वेळी मी नुसतीच बसून राहिले. मला वाटलं, मशीन बंद पडलं. कागद बाहेर आला तेव्हा डाव्या डोळ्याचा जवळजवळ अर्धा गोल काळा होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “मावशी, हे गेलेलं परत येणार नाही. उरलेलं सांभाळू.” त्या थेंबांमुळे झालं की अण्णांकडून आलं, असं मी विचारलं. दोन्ही असू शकेल, म्हणाल्या.

यानंतर तरी शहाणी व्हावं ना? नाही झाले. डॉक्टरीणबाईंनी रात्री घालायला दिलेले थेंब महिनाभर घातले, काहीच फरक दिसेना, बाटली संपली, तशी दुसरी आणलीच नाही. फरक दिसण्यासाठी ते औषध नसतंच. आहे ते जाऊ नये म्हणून असतं. पुढच्या तपासणीत दाब पुन्हा चढलेला निघाला आणि मुलीसमोर बोलणी खाल्ली. आता थेंब घालून डोळा मिटते, नाकाजवळचा कोपरा बोटाने दाबून दोन मिनिटं बसते, म्हणजे औषध घशात उतरत नाही. पूल चढताना डाव्या बाजूला कठडा ठेवते. दुकानातल्या मुलाचा राग येतो, पण बाटली मागायला मीच जात होते.

आई-वडिलांना किंवा सख्ख्या भावंडांना काचबिंदू असेल, तर चाळिशीनंतर दाब आणि नस नियमित तपासायला हवी. मुलीचा ठीक निघाला. भाऊ चिपळूणला असतो, पन्नाशी उलटली, मोटरसायकल दामटतो. फोनवर म्हणतो, “ताई, मला लांबची एसटीची पाटीसुद्धा वाचता येते.” त्याच्याशी भांडण चालू आहे. गणपतीला जाईन तेव्हा त्याला डॉक्टरकडे नेणार आहे, आणि गाडीची किल्ली आधी वहिनीकडे द्यायला लावणार आहे. बाहुली मोठी करायचे थेंब घातले की तीन-चार तास सगळं धूसर दिसतं, आणि तो त्यातही गाडी काढेल.