शिळा बगॅस

गुऱ्हाळावर त्याला चिपाड म्हणतात, कारखान्यावर बगॅस. कऱ्हाडपासून वाळव्यापर्यंत गळीत हंगाम पेटला की शंभर टन उसामागे हा २८-३० टन बाहेर पडतो. मिलमधून येतो तेव्हा निम्मं पाणीच, अंगाला थोडी साखर चिकटलेली. तसाच बॉयलरमध्ये गेला तर भलता गुणी. रस आटवायला वाफ देतो, वर वीजही करून देतो. सगळा कारखाना याच्या जिवावर चालतो आणि कौतुक मात्र साखरेचं होतं.

बिघडतो तो पडून राहिल्यावर. ओल आणि उरलीसुरली साखर यांनी ढीग आतून तापतो. त्या उबेत गरमी मानवणारे सूक्ष्मजंतू माजतात. त्यांतल्या एकाचं नावच साखरेवरून पडलंय, थर्मोअ‍ॅक्टिनोमायसिस सॅकॅराय. काही महिन्यांनी कोरडा पडलेला ढीग उपसायला घेतला की धुरळ्याबरोबर त्यांचे बीजाणू छातीत खोल उतरतात. दुपारी ढिगावर राबलेल्याला रात्री हुडहुडी भरून ताप, कोरडा खोकला, धाप. चार दिवस घरी राहिलं की उतार. कामावर गेलं की पुन्हा तेच. हा बगॅसोसिस. १९४१ साली अमेरिकेतल्या लुइझियानात त्याची नोंद झाली. आपल्या कामगार भरपाईच्या १९२३च्या कायद्याच्या परिशिष्टातही तो नावानिशी होता.

खोड अशी की हे जंतू फुफ्फुसात संसार थाटतच नाहीत. नासधूस करते ती शरीराची स्वतःची राखणदारी. दम्यातली अ‍ॅलर्जी वेगळी. इथे वेगळ्या प्रकारची प्रतिपिंडं आणि लिम्फोसाइट पेशी वायुकोशांच्या भिंतींवरच तुटून पडतात. वर्षानुवर्षं हे चाललं तर फुफ्फुस निबर होतं, ते मग पूर्ववत होत नाही. बरं, धुरळा खाणाऱ्या धडधाकट कामगारांच्या रक्तातही तीच प्रतिपिंडं सापडतात. सगळेच का आजारी पडत नाहीत, याचं उत्तर पुरतं हाती नाही. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत या जातीचा आजार कमी दिसतो, हे तर ऐकवायलाही नको. तिचा हिशेब ती वेगळा चुकता करून घेते.

ढिगावर प्रोपिओनिक आम्ल फवारलं, धुरळा उडू नये इतकी ओल राखली, हातांऐवजी यंत्रं लावली की बगॅस ताळ्यावर राहतो. म्हणून हा आजार आता विरळा. भावकी मात्र मोठी आहे: कबुतरांची विष्ठा, बुरशी आलेला कूलर यांनीही असाच आजार होतो. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय नोंदणीत वायुकोशांच्या भिंती बिघडवणाऱ्या चिवट आजारांचे १,०८४ रुग्ण होते. त्यांतले जवळजवळ निम्मे याच भावकीचे निघाले. आपल्याकडे ताप-खोकला-धाप म्हटलं की आधी क्षयाचाच संशय येतो. बेडका तपासावाच, पण ‘काम काय करता?’ हेही विचारावं, आणि ‘कारखान्यात’ एवढ्या उत्तरावर थांबू नये. गव्हाणीवर, बॉयलरवर की ढिगावर, तेही विचारावं.