ताशी सत्त्याऐंशी रुपये

रात्री दीड वाजता बेल वाजली तेव्हा मी लॅपटॉपवर लॉग वाचत बसलो होतो. प्रॉडक्शनमध्ये काहीतरी फाटलं होतं आणि अमेरिकेतला क्लायंट जागा होता. दार उघडलं तर दादा. खाकी वर्दी, एका हातात बूट, दुसऱ्या हातात पिशवी.

“काऊन बे, झोपला नाई अजून? गिझर लाव. तीन दिवस झाले, धड आंघोळ नाई.”

दादा म्हणजे माझा मामेभाऊ. यवतमाळ जिल्हा पोलिसात शिपाई. डिसेंबर २०२३ चं हिवाळी अधिवेशन चालू होतं, आणि त्याला बंदोबस्तासाठी नागपुरात आणलं होतं. मुक्काम एका मंगल कार्यालयात. शंभरेक माणसं, सतरंज्या, आणि चार संडास. माझा भाड्याचा फ्लॅट रामदासपेठेत, त्याच्या ड्युटीच्या जागेपासून पायी पंधरा मिनिटं. तरी तो अधिवेशन सुरू झाल्यावर आठवडाभर आला नव्हता. का आला नव्हता, ते मला माहीत होतं.

त्याच वर्षी उन्हाळ्यात माझं पासपोर्टचं व्हेरिफिकेशन झालं. घरी आलेल्या पोलिसाने कागद बघितले, सही घेतली आणि चहापाण्याचं विचारलं. मी पाचशेची नोट दिली. तो गेल्यावर एक लांबलचक पोस्ट लिहिली. तिचं शेवटचं वाक्य असं होतं की, यांचा पगार दुप्पट केला तरी हे घेणारच. चारशे लाइक आले. कोणीतरी त्याचा स्क्रीनशॉट आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. दादाने त्यावर काहीच लिहिलं नाही. नंतर सहा महिने माझा फोनही उचलला नाही.

आंघोळ करून तो बाहेर आला, लुंगी गुंडाळून सोफ्यावर बसला, आणि मी मॅगी करेपर्यंत गप्प होता. मग म्हणाला, “त्याने घेतले ते चूकच हाय. पण तू दिले काऊन?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं उत्तर असं होतं की मला घाई होती आणि पाचशे रुपये मला जड नव्हते.

“आणि पगाराचं लिहिलं तू. माहीत हाय का तुले माझा पगार?”

नव्हता माहीत. आमच्याकडे आत्याच्या सासूचं शुगर किती ते सगळ्यांना माहीत असतं, पण पगार कोणी सांगत नाही. त्याने मोबाइलवर स्लिप उघडली आणि फोन माझ्या हातात दिला.

महाराष्ट्रात सातव्या वेतन आयोगानंतर पोलीस शिपायाचं मूळ वेतन २१,७०० रुपयांपासून सुरू होतं. उपनिरीक्षकाचं ३८,६०० पासून. आयपीएस अधिकाऱ्याचं ५६,१०० पासून. दादा २०१७ ला लागला, दरवर्षीच्या वाढीने त्याचं मूळ वेतन २६ हजारांवर आलं होतं. महागाई भत्ता धरून ३८ हजारांच्या आसपास. पोलीस लाईनीत क्वार्टर असल्यामुळे घरभाडं नाही. पेन्शनचे कापले जातात, सोसायटीचं कर्ज कापलं जातं, हातात येतात २८.

मी खरंच म्हणालो, “वाईट नाही रे.” आणि नव्हताच वाईट. माझ्याबरोबर इंजिनिअरिंग केलेले तीन मित्र कँपसमधून लागले तेव्हा यापेक्षा कमी घेत होते, आणि त्यांना ना क्वार्टर ना पेन्शन. खाली गेटवर बसणाऱ्या काकांना बारा तासांचे, महिनाभराचे बारा हजार मिळतात. पुढच्या वर्षी, २०२४ मध्ये, राज्यात सतरा हजारांवर पोलिसांच्या जागा निघाल्या आणि सतरा लाखांवर अर्ज आले. त्यात पदवीधर होते, इंजिनिअरही होते. ज्या नोकरीसाठी एका जागेमागे शंभर माणसं सोळाशे मीटर धावायला उभी राहतात, तिचा पगार अन्यायकारक आहे असं म्हणायला जीभ रेटत नाही. दादा स्वतः उमरेडला पहाटे चार वाजता उठून धावायचा. मी तेव्हा सीईटीचे क्लास करत होतो, आणि मामी दोघांसाठी दूध तापवायची.

पण इंजिनिअरला स्लिप दाखवली की तो एक्सेल उघडतो. मी विचारलं, दिवसाचे तास किती?

“बारा धर.”

“सुट्टी?”

“महिन्यात एक-दोन. धर दोन.”

आठ तास आणि महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर ताशी १८३ रुपये पडत होते. बारा तास आणि एकोणतीस दिवस धरले की १०९. मग डिसेंबरचं काढलं. अधिवेशनाचे आणि आधीच्या तयारीचे मिळून सोळा दिवस, रोज सोळा तास. उरलेले पंधरा दिवस बारा तास. सुट्टी नाही. ४३६ तास, ताशी ८७ रुपये. माझं स्वतःचं काढलं तर ४८३ आलं. तो आकडा मी त्याला दाखवला नाही, कॉलम लपवला. गेटवरच्या काकांचं मनातच केलं: तेहतीस.

आता हे बारा तास काही दादाने रंगवून सांगितलेले नाहीत. ‘कॉमन कॉज’ आणि ‘सीएसडीएस’ या संस्थांनी २०१९ मध्ये देशभरातल्या पोलिसांची पाहणी प्रसिद्ध केली. तिच्यात पोलिसांचे कामाचे तास दिवसाला सरासरी चौदा निघाले, आणि निम्म्या लोकांना आठवड्याची सुट्टीच मिळत नव्हती. मुंबईत २०१६ मध्ये देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग झाला होता, आणि त्याची आखणी एका साध्या शिपायाने केली होती. नागपूर शहरात २०२१ मध्ये महिला पोलिसांची ड्युटी आठ तासांवर आणली, पुढच्या वर्षी राज्यभर तसे आदेश निघाले. मी हे वाचून दाखवलं तर दादा म्हणाला, “चांगलंच झालं ते. वहिनीसारख्या बायका घर पाहून बारा तास कशा करतील? पण माणसं वाढवलीच नाई. मंग वरचे चार तास कोणाच्या बोडक्यावर? आमच्याच न.”

मला वाटतं गफलत इथे आहे. आपण पोलिसांच्या पगारावर बोलतो तेव्हा महिन्याच्या आकड्यावर बोलतो, आणि महिन्याचा आकडा ठीकठाक दिसतो. शिपायाचा महिना मात्र कोणी मोजलेलाच नसतो. माझ्या कंपनीत शनिवारी चार तास काम केलं तर टाइमशीटमध्ये नोंद होते, बदली रजा मिळते. नाही मिळाली तर मी एचआरला मेल करतो, लिंक्डइनवर रडतो, किंवा सरळ नोकरी बदलतो.

दादाने हे कुठे म्हणायचं? १९६६ चा केंद्राचा एक कायदा आहे, त्याप्रमाणे पोलिसांना परवानगीशिवाय संघटना करता येत नाही, पगारासाठी मोर्चा तर लांबच. एकदा तसं झालं होतं. १९८२ मध्ये मुंबईच्या पोलीस शिपायांनी स्वातंत्र्यदिनी काळ्या फिती लावल्या, आणि १८ ऑगस्टला उघड संप केला. शहरात दंगल उसळली, लष्कर बोलवावं लागलं. संघटनेवर बंदी आली, कित्येक जण नोकरीतून गेले. सरकारचीही बाजू मला कळते. हातात शस्त्र असलेल्या माणसांचा संप ही भीतीदायकच गोष्ट आहे. पण तोंड बंद करायचंच असेल तर निदान न मागता मोजून द्यायला हवं ना.

त्या आठवड्यातलाच एक किस्सा दादाने मॅगी खाता खाता सांगितला. अधिवेशनात दिवसाला किती मोर्चे येतात ते नागपूरकरांना सांगायला नको. यशवंत स्टेडियमवरून निघायचं, मधे कुठेतरी बॅरिकेडला अडायचं, मग शिष्टमंडळ आत जाणार. त्या दिवशी जुन्या पेन्शनचा मोर्चा होता. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्या सगळ्या सरकारी नोकरांची जुनी पेन्शन गेली, त्यात दादाही आला. बॅरिकेडच्या त्या बाजूला त्याचा सख्खा साळा, जिल्हा परिषदेचा मास्तर, डोक्यावर टोपी घालून घोषणा देत होता. या बाजूला दादा, हातात काठी.

“त्याने मले पाह्यलं न्, अजून जोरात वरडला. हसू येत होतं बे. पण हसता येत नाई न, मोबाइल सगळीकडून चालू राहते.” जरा थांबून म्हणाला, “मनातल्या मनात म्हनलं, वरड. माह्याही वाटचं वरड.”

मला गोवारी उड्डाणपूल आठवला. रामदासपेठेतून सीताबर्डीकडे निघालं की तो दिसतोच, आपण रोज त्यावरून जातो. २३ नोव्हेंबर १९९४ ला असाच अधिवेशनावर आलेला मोर्चा अडवला गेला, लाठीमार झाला, चेंगराचेंगरीत ११४ गोवारी माणसं गेली. त्यात बायका आणि लेकरं पुष्कळ. मी ते बोलून दाखवलं. दादा तेव्हा दोन वर्षांचा होता, पण त्याला माहीत होतं.

“ट्रेनिंगमध्ये सांगत नाई ते,” तो म्हणाला. “पण दरवर्षी बॅरिकेडपाशी उभं राह्यलं का आठवते. सोळा तास उभा असलेल्या माणसाच्या हाती काठी हाय, अन् समोरचाही उपाशी हाय. काई झालं तर कोण पाह्यते बे, का हा किती वाजतापासून उभा हाय?”

त्यावर मी काय बोलणार? मी एवढंच विचारलं, पगार दुप्पट केला तर?

“दुप्पट कोण देते? आठ तास कर म्हना अन् आठवड्याची सुट्टी दे. एवढ्याच पगारात करतो.” मग त्याने लॅपटॉपकडे बोट दाखवलं. “यात जेवाचा वेळ धरला का तू?”

मी धरला नव्हता. धरायचा की कापायचा, तेही कळेना. कारण बंदोबस्तात जेवणाची वेळ अशी नसतेच, पाकीट आलं की उभ्याने खायचं. तसाच ठेवला.

तीन वाजता तो सोफ्यावर आडवा झाला, आणि मी लॉगकडे परत गेलो. साडेपाचला त्याचा अलार्म वाजला. सहाला हजेरी. वर्दी अजून ओलसर होती, कॉलर त्याने मुद्दाम धुतली होती. मी पोस्टचा विषय काढला, म्हणालो डिलीट करतो. तर म्हणे, “राहू दे. घेतले त्याने, खोटं थोडी हाय? खालची ती पगाराची लाइन तेवढी काढ.”

लिफ्ट बंद होती म्हणून त्याच्याबरोबर खाली उतरलो. गेटवरचे काका मफलर गुंडाळून खुर्चीत बसल्या बसल्या झोपले होते. खाकी बघून दचकून उठले, सलाम ठोकला. दादाने पिशवीतून बंदोबस्तात मिळालेले दोन बिस्किटाचे पुडे काढून त्यांच्या हातात ठेवले, “बसा न काका, बसा,” म्हणाला, आणि लोकमत चौकाच्या दिशेने ऑटो दिसते का ते बघत चालायला लागला.