खोक्यावरचे चौसष्ट

लॅपटॉपच्या खोक्यावर ६४ जीबी असं ठसठशीत छापलेलं होतं. चालू करून बघावं तर सी ड्राइव्हसमोर ५८ सुद्धा भरेनात. माझ्या पेणच्या भाच्यानं समजावलं, "आत्या, ह्यात कुणी लबाडी केलेली नाही. बनवणारे हजारानं मोजतात, विंडोज एक हजार चोवीसनं मोजतं. तिथेच ६४ चे ५९.६ होतात. वरचं थोडं रिकव्हरीच्या कप्प्यात गेलं." ठीक आहे. पण उरलेल्या जागेत माझं स्वतःचं असं होतं काय? खोल्यांच्या बुकिंगची एक्सेल शीट, सुपारीच्या वजनाचा हिशेब, थोडी पत्रं आणि फोटो. फोटो तर केव्हाच पेनड्राइव्हवर हलवले होते. तरी ड्राइव्हवरची लाल पट्टी काही हटत नव्हती.

रेवदंड्याला आमची नारळ-सुपारीची वाडी आणि वाडीच्या रस्त्याकडच्या अंगाला पर्यटकांसाठी दोन खोल्या. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानं निम्मी वाडी आडवी केली. नवी सुपारी लावली तरी ती उत्पन्नाला यायला वर्षं जातात, म्हणून खोल्यांचं काम मनावर घेतलं आणि त्यापायी हा स्वस्तातला लॅपटॉप आला. त्यातली साठवण ईएमएमसी जातीची, म्हणजे मदरबोर्डवरच सोल्डर केलेली. काढून मोठी बसवायची सोय नाही. बाहेरून हार्ड डिस्क कायमची लावून ठेवावी, तर खाऱ्या हवेनं यूएसबीची एक खाच हिरवट पडून बंद झालेली आणि दुसरीत माऊस.

तसं रखडत चाललंच असतं. पण विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता, आणि विंडोज ११ ला किमान ६४ जीबी साठवण आणि ४ जीबी रॅम लागते. आमचं यंत्र काठावर पास. अपडेट सुरू करायला गेलं की मात्र ‘पुरेशी जागा नाही’. पाहुण्यांची माहिती ज्यावर टिपते, ते यंत्र सुरक्षेच्या दुरुस्त्यांविना वापरणं मला पटेना. गौरी-गणपती पाण्यात गेले, बाहेर धो धो पाऊस, बुकिंग शून्य, भाचा अजून घरात. ओटीवर बसून आम्ही कामाला लागलो.

सेटिंग्जमधली ॲप्सची यादी आकारानुसार लावली आणि मी चाटच पडले. व्हिडिओ कापायचं एक सॉफ्टवेअर, मी जन्मात न उघडलेलं. चाचणीची मुदत संपलेला अँटिव्हायरस. रंगीत गोळ्यांचे खेळ. खरेदीच्या संकेतस्थळाचं ॲप. लॅपटॉप बनवणाऱ्यांची स्वतःची तीन-चार: एक ‘मदत’, एक ‘नोंदणी’, एक ‘शिफारशी’. फ्लॅटची किल्ली घेऊन दार उघडावं, तर आत बिल्डरचे भाडेकरू आधीच पथारी पसरून बसलेले, आणि भाडं जातंय बिल्डरलाच! भाचा म्हणाला, अगदी तसंच आहे. ही सॉफ्टवेअरं आत टाकण्याचे यंत्र बनवणाऱ्याला पैसे मिळतात. अँटिव्हायरसची वर्गणी आपण भरली तर त्यातही वाटा असतो. म्हणून स्वस्त यंत्रात हा माल जास्त. म्हणजे दुकानात मला जी सूट मिळाली असं मी सगळ्यांना सांगत होते, ती माझ्याच जागेतून वसूल होत होती.

अँटिव्हायरस काढणं हा स्वतंत्र अध्याय. मुदत संपल्यापासून तो कोपऱ्यातून लाल खिडकी काढायचा, तीही नेमकी पाहुण्यांना खोली दाखवताना. ‘अनइन्स्टॉल’ दाबलं, तर पहिल्या पडद्यावर ‘तुम्ही धोक्यात आहात’. दुसऱ्यावर सवलतीचा भाव. तिसऱ्यावर दोन बटणं: ‘संरक्षण ठेवा’ हे मोठं, निळं, ‘तरीही काढा’ हे करड्यावर करडं, चष्मा लावूनही नीट न दिसणारं. ते शोधून दाबलं, यंत्र बंद करून चालू केलं, तर खिडकी पुन्हा हजर. त्याचे काही तुकडे मागे राहिले होते. ते उपटायला त्याच कंपनीचं वेगळं साधन असतं, तेही त्यांच्याच संकेतस्थळावरून उतरवून घ्यायचं.

आमच्याकडे रेंज मिळते ती ओटीच्या एका खांबाजवळ. फोन तिथे टांगून हॉटस्पॉट चालू केला आणि ते साधन टिपूसटिपूस उतरत राहिलं. तेवढ्यात भाच्यानं ह्या धंद्याच्या गोष्टी सांगितल्या. २००८ साली सोनीनं अमेरिकेत काही लॅपटॉपांवर ‘फ्रेश स्टार्ट’ नावाचा पर्याय ठेवला: आम्ही आधी टाकलेली सॉफ्टवेअरं काढून हवीत ना, मग ५० डॉलर मोजा! लोकांनी अशी हजेरी घेतली की शुल्क लगेच मागे घ्यावं लागलं. ह्यावर मी हसले. पुढची गोष्ट ऐकून मात्र हसू गेलं. लेनोवोच्या काही लॅपटॉपांत २०१४ च्या सप्टेंबरपासून सुपरफिश नावाचं सॉफ्टवेअर घालून दिलेलं होतं. शोधताना मध्ये जाहिराती घुसवणं हे त्याचं काम, आणि त्यासाठी ते ब्राउझर आणि संकेतस्थळ यांच्यामधल्या कुलूपबंद संभाषणातही शिरायचं. सगळ्या यंत्रांत किल्ली एकच, त्यामुळे ती हाती लागलेला कुणीही बँकेची खोटी साइट खरी म्हणून खपवू शकला असता. २०१५ च्या फेब्रुवारीत बोभाटा झाला, कंपनीनं ते बंद केलं, आणि अमेरिकी व्यापार आयोगाशी तडजोड झाली ती २०१७ मध्ये. हे ऐकल्यावर ‘पडून राहिलं तर काय बिघडतं’ हा माझा लाडका युक्तिवाद मी सोडून दिला.

आपल्याकडेही हा वाद नवा नाही, फक्त तो फोनचा आहे. स्पर्धा आयोगानं ऑक्टोबर २०२२ मध्ये गुगलला १,३३७.७६ कोटींचा दंड केला, तेव्हा आधीपासून घातलेली ॲप्स ग्राहकाला काढू द्या असंही सांगितलं होतं. २०२३ च्या मार्चमध्ये अपिलात दंड टिकला, पण काढू देण्याचं कलम गळालं. म्हणजे पैशाचा निकाल लागला आणि जागेचा राहिला, असं माझं आपलं मत.

साधन उतरलं, चाललं, यंत्र परत चालू झालं. मी विचारलं, "आता संरक्षण कोण करणार?" भाच्यानं कोपऱ्यातली ढाल दाखवली, तिच्यावर हिरवी खूण. दुसरा अँटिव्हायरस बसवला की विंडोजचा स्वतःचा डिफेंडर बाजूला होतो, आणि तो काढला की आपणहून कामावर रुजू होतो. वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही.

खेळ काढताना चेव आला होता. एकेक चिन्ह उडवत गेले आणि जागा बघितली, तर फरक शून्य. ते खेळ खरं तर उतरलेलेच नव्हते. नुसती चिन्हं मांडून ठेवलेली, दाबलं की मगच उतरणारी. उपद्रव होता, वजन नव्हतं. उलट यादीत चित्रविचित्र नावांच्या कितीतरी ओळी होत्या ज्यांना हात लावायचा नव्हता. आवाजाच्या चिपचं, टचपॅडचं, वायफायचं सॉफ्टवेअर, आणि ‘व्हिज्युअल सी प्लस प्लस’ ह्या एकाच नावाच्या, साल तेवढं वेगळं असलेल्या पाच-सहा नोंदी. त्या मला दुबार वाटल्या होत्या. त्या वेगवेगळ्या प्रोग्रॅमना वेगवेगळ्या लागतात. बनवणाऱ्याचं बॅटरीचं ॲपही मी हट्टानं ठेवलं. ते चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवतं, आणि दिवसभर प्लगला लावलेल्या यंत्राला तेच बरं. दिलेलं सगळंच टाकाऊ असतं असं नाही.

काहींना काढायचं बटणच नव्हतं, असलं तर फिकट पडलेलं. त्यासाठी भाच्यानं पॉवरशेलची निळी खिडकी उघडली आणि एका ओळीच्या आज्ञेनं ती घालवली. दुसऱ्या दिवशी ह्यांच्यासाठी वेगळं खातं उघडलं, तर तीच मंडळी तिथे पुन्हा हात जोडून उभी! आज्ञा फक्त माझ्या खात्यापुरती होती. विंडोजकडे नव्या खात्यासाठी एक वेगळा साठा असतो, त्यातूनही नाव कमी करावं लागतं. ‘फॅक्टरी रीसेट’ नावाचा मोह तर टाळावाच. कारखान्यातून जसं आलं तसं, म्हणजे त्या सगळ्या मंडळींसकट. मायक्रोसॉफ्टच्या पेनड्राइव्हवरून कोरं विंडोज बसवलं तरच यंत्र बरंचसं स्वच्छ होतं.

एवढं करून दोन-अडीच जीबी सुटले. माझा चेहरा पडला. मग भाच्यानं खरी कोठारं दाखवली, आणि ती माझ्या रागाच्या यादीतली नव्हती. अपडेटची उरलीसुरली जुनी पानं, ‘तात्पुरत्या फाइली’ ह्या नावाखाली वर्षानुवर्षं साचलेली. डिस्क क्लीनअपमधून सर्वांत जास्त जागा तिथेच मिळाली. हायबरनेशनची फाइल, रॅमच्या सुमारे ४० टक्के एवढी, म्हणजे ४ जीबीच्या यंत्रात दीडच्या वर. ती एका आज्ञेनं बंद होते. त्या बदल्यात यंत्र चालू व्हायला जास्त वेळ घेतं आणि झोपेत बॅटरी संपली तर न सेव्ह केलेलं जातं. आमच्याकडे पावसात लाईट कधी जाईल ह्याचा भरवसा नसल्यानं मला सेव्ह करण्याची सवय जुनीच आहे, म्हणून मी हो म्हटलं. एखाद्या विसराळू माणसानं म्हणू नये. विन-एसएक्सएस नावाचं एक जाडजूड फोल्डर बघून माझा हात शिवशिवला होता, तो भाच्यानं वेळीच धरला. त्याचा दिसणारा आकार खरा नसतो, कारण त्यातल्या पुष्कळ फाइली दुसरीकडे दिसणाऱ्या फाइलीच असतात, दोनदा मोजलेल्या. हातानं पुसलं तर विंडोजच बसतं.

तरी अपडेटला थोडी जागा कमीच पडली. पण अशा वेळी विंडोज बाहेरचा पेनड्राइव्ह तात्पुरता वापरू देतं. माऊस काढला, त्या खाचेत पेनड्राइव्ह लावला, फोन खांबाला टांगला आणि रात्रभर चालू ठेवलं. सकाळी विंडोज ११ हजर, आणि लाल पट्टी पुन्हा हजर! कारण परत फिरावंसं वाटलंच तर म्हणून जुनं विंडोज दहा दिवस जपून ठेवलं जातं. छपाई, स्कॅनर, एक्सेल सगळं चालतंय ह्याची खात्री करून ते मी आधीच काढून टाकलं. आज सी ड्राइव्हला मोकळा श्वास घेण्याइतकी जागा आहे, ऐसपैस नाही.

दिवाळीत जाऊबाईंनी लेकीसाठी लॅपटॉप घ्यायचं ठरवलं आणि अलिबागला दुकानात मला सोबत नेलं. मी आधी विचारलं, साठवण बदलता येते का. येत होती, एसएसडी वेगळी, स्क्रूनं बसवलेली. मग किंमत. दुकानातल्या मुलानं बिल करता करता विचारलं, "ताई, अँटिव्हायरस टाकून देऊ ना?"

"आत आधीच एक असेल," मी म्हटलं, "तो काढून दे."

तो जरा गोंधळला, आत जाऊन मालकाला विचारून आला. काढून देऊ म्हणाला, पण त्याचे वेगळे पैसे पडतील. जाऊबाई पर्स उघडायला लागल्या, मी त्यांचा हात धरला आणि खोकं तसंच गाडीत ठेवायला सांगितलं.